ओ निगेटिव्हची यादी

दोन हजार एक साली अक्रमनं दौंडातल्या रक्तदात्यांची वेबसाईट काढली, तेव्हा केवढा तोरा होता गड्याचा! पेपरात फोटो आला, सत्कार झाला. रेल्वे कॉलनीतल्या बहात्तर जणांची नावं, रक्तगट आन् फोन नंबर साईटवर चढले. त्यानंतर तीन वर्षं पठ्ठ्यानं त्या यादीकडं ढुंकून पाहिलं नाही. बरं, स्वतःचा सायबर कॅफे! दिवसभर कॉम्प्युटरपुढंच बसायचा. पण साईट एकदा लावली की झालं, अशी त्याची समजूत.

मग त्याची धाकटी बहीण अल्फिया बाळंत झाली आन् तिचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर म्हणाले, "ओ निगेटिव्ह लागणार. पुण्याहून मागवलंय, पण तोवर दाता मिळतो का बघा."

"अक्रमभाई, तुमची यादी हाय की!" अल्फियाचा नवरा अनिस म्हणाला. त्या माणसाच्या जिवात जीव आला होता.

यादीत ओ निगेटिव्हचे चारच जण. अक्रमनं पहिला नंबर फिरवला. "त्यांची भुसावळला बदली झाली. क्वार्टर आता आमच्याकडं हाय." दुसरा सोलापूरला गेलेला. तिसरा नंबर बंद. चौथे सर्जेराव, तर त्यांच्या क्वार्टरातली बाई म्हणाली, "ते नोकरी सोडून गेले. कुठं, काय म्हाईत!"

रेल्वेची माणसं ती. माणूस जातो आन् फोन क्वार्टरातच राहतो. जन्म दौंडात काढलेल्या अक्रमला एवढं कळू नये? त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

तेवढ्यात त्याला आठवलं, पत्ता बदलला तर ईमेल करा, असं साईटवर त्यानंच लिहिलं होतं. तो कॅफेकडं पळत सुटला. ती ईमेल त्यानं एकदाही उघडली नव्हती, पासवर्ड काही केल्या आठवेना. त्यात अर्धा तास गेला. उघडली तर आत एक्केचाळीस पत्रं, आन् त्यात सर्जेरावांचं. "शिरूरला राहायला आलोय. नवा नंबर खाली दिलाय. कवाबी हाक मारा."

अक्रमनं फोन लावला. "निघालोच!" एवढंच बोलून सर्जेरावांनी फोन ठेवला.

पन्नासेक किलोमीटर मोटरसायकल हाणत ते दवाखान्यात आले ते शर्टाची बाही वर सारतच. "कुठं झोपू, सांगा."

कॅफेतून परतलेला अक्रम दाराशी उभा होता. अनिस तान्ह्या पोरीला छातीशी धरून भिंतीकडेला खाली बसला होता. सर्जेराव काय ते समजले. बाही हळूच खाली घेत त्यांनी विचारलं, "कवा?"

"वीस मिनिटं झाली," अनिस म्हणाला.

"अरे देवा! आधीच का न्हाई फोन केला?"

"तुमचा नंबर नव्हता ना, मामा."

"नव्हता कसा? दोन वर्सांमागं ईमेल धाडली होती की मी. पोचली न्हाई व्हय?"

अनिसनं मान वर करून अक्रमकडं पाहिलं.

"पोचली होती," अक्रम म्हणाला.