रिंगेखालची खूण

धम्मशीलेने मेणबत्ती क्यूच्या, म्हणजे पूल-बिलियर्ड खेळायच्या काठीच्या, जोडाखाली धरली आणि पितळी रिंग बोटांनी हळूहळू फिरवून पाहिली. आतला सरस जुना होता, नीट तापल्याशिवाय सुटणार नव्हता.

"ठेव, म्या पाहतो," खाटेवरून प्रेमानंद म्हणाले.

"तुमचा हात कापते बाबा. मेणबत्ती धरसान का रिंग?"

प्रेमानंदांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मोताळ्यातल्या या दुकानात त्यांनी तीस वर्षं लाकूड कातलं. बाजांचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी आणि बुलढाण्याच्या क्लबांसाठी पूलचे क्यू. दोन वर्षांपासून उजवा हात थरथरत होता, म्हणून लाकूड कातायचं मशीन, लेथ, लेकीकडे आला होता. आणि उद्या तो लेथ विकत घेण्यासाठी पाहायला खामगावचा एक माणूस येणार होता.

समोरच्या स्टुलावर रवी चहा फुंकत बसला होता. कोर्टात कारकून, पण संध्याकाळी क्लबमध्ये त्याचा शब्द न्यायाधीशाच्या वरचा. क्लबला आठ नवे क्यू हवे होते. धम्मशीलेने कातलेला एक त्याने आठ दिवस खेळून पाहायचा आणि मग सांगायचं, असं ठरलं होतं. हे काम मिळालं तर लेथ राहील, नाही तर तिने बुलढाण्यात कॉम्प्युटर सेंटरची नोकरी पत्करायची, हेही घरात ठरलं होतं. आज तो नवा क्यू परत घेऊन आला होता आणि सोबत आपला जुना, ज्याची रिंग खेळताना कटकट वाजत होती.

"आता सांगून टाका रवीभाऊ," ती मान वर न करता म्हणाली.

रवीने कप खाली ठेवला. "वाईट नाई. सरळ आहे, वजन बरोबर आहे. पण कसं सांगू तुले... जुन्या स्टिकीचा मार हातात येते. नवीचा कानातच राह्यते. टक् वाजते अन् खलास."

"लाकूड तर तेच आहे. धामणच."

"लाकूड तेच असंन. हात तो नाई ना! प्रेमानंदकाकाचा हात होता तो. हे पुढचं लाकूड पाह्य, बॉलले लागलं का तळहाताले कळते. अशी चीज आता होत नाई."

धम्मशीलेला वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलंही नाही. मेणबत्ती जरा जवळच गेली आणि पितळ काळं पडलं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना सोन्याला घडवणारा कधीतरी नवशिका होता हे कोण सांगणार, असं तिच्या मनात आलं. प्रेमानंद भिंतीकडे तोंड करून बसले. कौतुक त्यांचं चाललं होतं, पण चेहरा चोरी पकडली गेलेल्या माणसाचा झाला होता.

जुन्या क्यूची रिंग सुटली. तिने फडक्याने सरस पुसला आणि तिचा हात तिथेच थांबला.

या दुकानाची एक रीत होती. क्यू ज्याने कातला, त्याने आपली खूण रिंगेच्या आत टाकायची. वर टाकली की लोक नाव पाहून खेळतात, असं प्रेमानंद म्हणत. त्यांची खूण एक चीर. धम्मशीलेच्या दोन.

इथे दोन होत्या.

सात वर्षांपूर्वी, सतरा वर्षांची असताना, तिने पहिल्यांदा क्यूचा पुढचा भाग कातला होता आणि त्यावर आपल्या दोन चिरा टाकल्या होत्या. बाबांनी एक डोळा मिटून तो निरखला आणि फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो फळीवर नव्हता. चुलीत घातला, म्हणाले. त्यानंतर महिनाभर ती लेथजवळ फिरकली नव्हती.

"बाबा, चुलीत घातला होता ना?"

प्रेमानंद भिंतीकडून वळले. रवी दोघांकडे पाहत राहिला.

"त्या साली या रवीच्या स्टिकीचा पुढचा भाग उन्हात वाकला होता," प्रेमानंद म्हणाले. "नवा कराले बसलो त माह्याच्यानं तुह्याएवढा साधला नाई. तोच बसवला. पोरीनं केला म्हणलं असतं त यानं घेतला नसता. अन् तुले चांगला म्हणलं असतं त तू तिथंच थांबली असती. मंग... सांगाचंच राहून गेलं पोरी."

रवीने जुना तुकडा तिच्या हातून घेतला. मग नवा क्यू पुढे केला.

"हिचीबी रिंग काढ."

तिने मेणबत्ती पुन्हा धरली. नवा सरस लवकर सुटला. रवीने दोन्ही तुकडे दारातल्या उजेडात नेले आणि कोर्टात अंगठ्याचे ठसे जुळवावेत तसे शेजारी शेजारी धरून पाहिले. दोन चिरा, तेवढ्याच अंतरावर, तशाच किंचित तिरक्या.

"म्हंजे सात वर्सं म्या तुह्याच हातची खेळून राह्यलो," तो म्हणाला. मग स्वतःशीच हसला. "अन् हिले आठ दिवसांत नापास केलं. आठ दिवसांत त नवी चप्पलबी पायात बसत नाई."

धम्मशीलेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बाबांवरच्या रागाचं होतं की मायेचं, तिला ठरवता येईना. तिने उठून बाबांचा थरथरता हात घट्ट धरला, आणि मग उगाच जोरात दाबला.

"आठच्या आठ कर," रवी म्हणाला. "क्लबात म्या सांगतो. अन् ही नवी माह्याजवळच राहू दे, हात बसंन. पण आता खूण वर टाक ना, लोकांले कळू दे कोणाची आहे ते."

तिने रिंगेला सरस लावला आणि दोन चिरांवर ती सरकवली.

"आतच बरी आहे."

"काऊन?"

"तुम्हीच पाहा ना रवीभाऊ. नाव माहीत नव्हतं तोवर सात वर्सं चांगली लागली."

प्रेमानंद मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी हसले. रवीनेही कान पकडले.

ती दुसरी रिंग उचलता उचलता म्हणाली, "बाबा, त्या खामगाववाल्याले फोन लावा. मशीन रिकामी नाई म्हणा."