ओबदुलियाच्या ओढ्याचं पाणी

माझी धाकटी जाऊ ओबदुलिया मला पहिल्या दिवसापासून खुपते, हे मी लपवत नाही. दिसायला बरी, स्वयंपाकाला बेताची आणि तोंडानं गोड. पण सणाचं तेहाते, म्हणजे आमचं फेसाळ गार पेय, गावात एकाच बाईनं करायचं असतं आणि गेली चौदा वर्षं ती बाई मी होते. मका, कोको आणि मामे फळाच्या बिया पाट्यावर वाटायच्या, मातीच्या मोठ्या कुंड्यात कोपरापर्यंत हात घालून पीठ मळायचं, मग उंचावरून गार पाणी सोडायचं. वर जाड पांढरा फेस धरतो. त्याला आम्ही फूल म्हणतो. फूल नसेल तर ते नुसतं पिठाचं पाणी, कुत्रंही विचारत नाही.

यंदा पाऊस लागल्यापासून माझं फूल धरेना.

आमच्या दोघींच्या नवऱ्यांकडे, म्हणजे सख्ख्या भावांकडे, गावानं शेजारशेजारचे दोन डोंगरउतार सांभाळायला दिलेत. प्रत्येकात एक ओढा. दोन वर्षांपूर्वी झाडं तोडायची परवानगी मिळाली, तेव्हा माझ्या कांदिदोनं ओढ्याच्या काठापर्यंत सगळे पाइन उतरवले आणि फांद्या गोळा करून जाळल्या. उतार कसा अंगणासारखा लख्ख! ते मीच करायला लावलं होतं. धाकट्यानं मात्र मधलीमधलीच झाडं काढली, काठची झाडी राखली आणि तोडलेल्या फांद्या उतारावर आडव्या रचून ठेवल्या. मी गिरणीवर चारचौघींत म्हटलं होतं, "रान आहे की उकिरडा? घरात पसारा, तसाच डोंगरावर!"

आता त्या उकिरड्याचा ओढा भर पावसात नितळ आणि माझ्या ओढ्याला तांबडा गढूळ लोंढा. तीन पदरी फडक्यानं गाळलं, हंड्यात निवळू दिलं, तरी मातीचा वास जाईना. फेस वर यायचा आणि बसायचा.

"ओबदुलियाची नजर लागलीय," मी गिरणीवर सांगून टाकलं. बायांना पटलंही.

सणाची जबाबदारी यंदा ब्रिहिदाकाकूंवर होती. त्या म्हणाल्या, "नजरबिजर राहू दे, इफिहेनिया. उद्या फूल आलं नाही तर पुढच्या वर्षी कुंडा ओबदुलियाकडे."

सणाच्या दिवशी उजाडताच दोन घागरी घेऊन मी डोंगर चढले. पाऊस पडतच होता. दोन्ही उतारांमधल्या बांधावर उभी राहून बघितलं. माझ्या बाजूला उतारावर घळी पडलेल्या, पाणी माती घेऊन धावत होतं. तिच्या बाजूला पाणी फांद्यांच्या रांगेला अडायचं, माती तिथंच बसायची आणि काठच्या झाडीतून गाळून निघालेलं पाणी इतकं स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. मला कळायचं ते कळलं. शहाणपण यायला हवं होतं, पण आली ती जळजळ. मी तिच्या ओढ्यात दोन्ही घागरी बुडवल्या.

फूल असं धरलं की कुंड्याबाहेर उतू चाललं. गावानं वाट्यांवर वाट्या रिचवल्या. ओबदुलियानं एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, हात तुमचाच."

रविवारी गावसभा भरली. रानाचे पंच सिल्वेरिओभाऊ उठले. "रान साफ केलं की पाणी बिघडतं, असं कोण बोंबलत होतं? इफिहेनियावहिनींचं फूल सगळ्यांनी प्यायलंत ना? मग ओबदुलियाकडचा उतारही तसाच मोकळा करू. लाकूड कुजवायचं कशाला? हात वर करा!"

हात वर जाऊ लागले. कांदिदोचाही गेला. धाकटा दीर काही बोलायला उठत होता, पण ओबदुलियानं त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. मी गप्प बसले तर तिचा ओढा माझ्यासारखाच तांबडा होणार होता. खोटं कशाला बोलू, घटकाभर मला बरं वाटलं. मग मनात आलं, अगं बये, पुढच्या वर्षी पाणी चोरणार कुठून? आणि साऱ्या गावानं काय प्यायचं, चिखल?

"हात खाली घ्या," मी उठून म्हटलं. "ते पाणी माझ्या ओढ्याचं नव्हतं. हिच्या ओढ्यातून चोरून आणलं होतं."

"काय बरळतेस?" कांदिदो ओरडला.

"आपल्या ओढ्याचं वाटीभर पिऊन दाखव सगळ्यांसमोर, मग बोल!"

हात एकेक करून खाली आले. पुढच्या वर्षी कुंडा ओबदुलियाकडे, हे ब्रिहिदाकाकूंनी तिथंच जाहीर केलं.

बाहेर ओबदुलियानं मला गाठलं. तिच्या हातात माझी चुंबळ होती. "ओढ्याकाठी राहिली होती, ताई. सणाच्या दिवशीच सापडली."

"मग सभेत बोलली का नाहीस? रान चाललं होतं तुझं!"

"मी बोलले असते तर सगळे म्हणाले असते, जावेवर जळते. तुम्हीच बोलाल म्हणून थांबले."

चुंबळ तिनं धुऊन वाळवून आणली होती. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

घरी येऊन मी कांदिदोच्या हातात कोयता दिला. "ऊठ. मिळतील तिथून फांद्या आण आणि उतारावर आडव्या टाक."

"किती टाकू?"

"तिच्या रांगा मोजून ये. आपली एक तरी जास्त हवी."