गुळाला न लागलेली मुंगी

अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग लागायची आणि प्रत्येकाच्या हातात झाकलेली वाटी असायची. वाटीत काय आहे ते विचारायचं नसायचं. ज्याची लघवी त्याच्या वाटीत आणि सगळ्यांचा भरवसा पिपीलिकानंद महाराजांवर. पिपीलिका म्हणजे मुंगी, हेही महाराजांनीच सांगितलं म्हणून कळलं; नाहीतर लोकांना वाटायचं, हा कुठला तरी हिमालयातला डोंगर.

शेडच्या मधोमध मुंग्यांचं वारूळ आणि त्याच्यापुढे दोन शहाबादी फरश्या. महाराज वाटीतलं थोडं पहिल्या फरशीवर ओतत. जरा वेळानं मुंग्या येत, बघता बघता फरशी काळी होई.

“बघा, गोड रक्त. डॉक्टर टोचून सांगतो, माझी मुंगी न टोचता सांगते.”

मग उरलेल्या वाटीत चिमूटभर अंगारा पडे, ओठ हलत आणि वाटी दुसऱ्या फरशीवर रिती होई. मुंग्या येत, कडेशी थबकत, मिशा हलवत आणि आल्या पावली माघारी फिरत. साखर गेली. सुई बंद. कपाळाला अंगारा लावायचा, पाय पिवळ्या फडक्यात बांधायचा आणि पुढच्या गुरुवारपर्यंत सोडायचा नाही. अंगारा जिभेवर मात्र ठेवायचा नाही. माणसाचं तोंड उष्टं, अंगारा पवित्र.

वैजयंतीनं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि ती तिथंच मटकन खाली बसून रडली. आनंदानं नव्हे. सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा उगवणारा. घरात ती, शाळेच्या गणवेशांचे ढीग, शिलाईचं मशीन आणि सांगोल्याकडून आणलेली सासू, सोजरबाई. सासूची नजर अधू, साखर जुनी, कातडी कागदासारखी. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई वैजयंतीच टोचायची. सोजरबाई लहान पोरासारखी अंग चोरायची आणि म्हणायची, “टोचून टोचून मारतीस व्हय गं मला? मी काय उशी हाय का टाचण्या खोचायची?” शेजारीपाजारी ऐकायचे. दिवसभर कापडात सुई चालवणाऱ्या बाईला माणसात सुई चालवायची धास्ती बसली होती. त्यात सासूच्या अंगठ्याला चप्पल लागून फोड आलेला. तो भरता भरेना. शेवटी शेजारची कमलम्माच म्हणाली, माझ्या नवऱ्याला, नरसय्यालाही नेतेय, तूही चल. बुडत्याला काडी मिळाली.

सुई बंद झाली. पहिले दोन दिवस घरात सण असल्यासारखं वाटलं. मग सोजरबाई सारखं पाणी मागू लागली, दिवसाढवळ्या पेंगू लागली. पायाचं विचारलं की म्हणायची, “दुकत न्हाय बग अजाबात. लई गुण आला.” कमलम्मा म्हणाली, साखर बाहेर पडतेय, अंग हलकं होणारच. खोलीत एक गोडसर, कुजका वास येऊ लागला. वैजयंतीनं उदबत्ती लावली. आपल्याला जे बघायचं नसतं, त्याच्यावर उदबत्ती बरी पडते.

आणि एका सकाळी तिला घरातच चमत्कार दिसला.

स्वयंपाकघरातल्या फळीवर गुळाचा डबा. त्याच्या फटीतून मुंग्यांची वर्षानुवर्षांची वहिवाट. अंगाऱ्याची पुडी तिनं देवासारखी जपून त्याच डब्याशेजारी ठेवली होती. पुडी फाटून राख डब्याभोवती सांडली होती आणि मुंग्या राखेपाशी येऊन माघारी फिरत होत्या. वैजयंतीनं हात जोडले. मग जोडलेले हात तसेच राहिले. तिच्या मनात आलं, म्हणजे गुळातलीही साखर गेली?

तिनं डबा उघडून गुळाचा खडा तोंडात टाकला. गोड होता. कालच्याइतकाच गोड.

ती धावतच बाहेर आली आणि सासूच्या पायाचं फडकं सोडू लागली. सोजरबाई म्हणाली, “अगं, गुरवार कुटं आलाय अजून?” फडकं चिकटलं होतं, ते कोमट पाण्यानं भिजवून सोडवावं लागलं. आत अंगठा काळा पडला होता. वैजयंतीनं तो दाबला. सोजरबाईला कळलंसुद्धा नाही.

दवाखान्यातल्या चैताली सिस्टरनं रक्ताचा थेंब घेतला, तर यंत्राला आकडाच दाखवता येईना; साखर त्याच्या मापाबाहेर गेली होती. सिस्टर रागावली नाही. तिनं एवढंच सांगितलं, “साखरेनं पायाची जाणीवच गेलीय, वहिनी. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं.” दोन दिवसांनी अंगठा काढावा लागला. पाऊल राहील की नाही, हे डॉक्टर तेव्हा सांगू शकले नाहीत.

पुढच्या गुरुवारी सोजरबाईपाशी भावजयीला बसवून वैजयंती शेडमध्ये रांगेत उभी राहिली, हातात झाकलेली वाटी घेऊन. मागे नरसय्याला धरून कमलम्मा. महाराजांनी वाटी घेतली, पहिल्या फरशीवर ओतली. मुंग्या तुटून पडल्या.

“फार गोड. आजार जुना दिसतो, माई.”

अंगारा पडला, ओठ हलले, दुसरी फरशी भिजली. मुंग्या फिरल्या. महाराजांनी हात वर केला. साखर गेली.

“कुठं गेली?” वैजयंतीनं विचारलं. “घरून गुळाचं पाणी आणलंय मी. गुळाला कसला आजार, महाराज?”

रांगेत कोणीतरी फसकन हसलं. महाराज म्हणाले, परीक्षा पाहणाऱ्याचं वाटोळं होतं.

“ते झालंच की. सासूचा अंगठा गेला.” ती जागची हलली नाही. “या राखेत मुंग्या मारायच्या खडूचीच पूड असणार. बाजारात कुठंही मिळतो. नसेल, तर चिमूटभर तुमच्या जिभेवर ठेवा. तुमचं तोंड तर उष्टं नाही ना?”

महाराजांनी अंगाऱ्याच्या ताटाकडे पाहिलं. हात काही पुढे झाला नाही. चेले वैजयंतीला बाहेर ढकलू लागले, तेव्हा कमलम्मानं आपली वाटी फरशीवर पालथी केली आणि नरसय्याचा हात धरला. “चला ओ. आधी तुमचा पाय बघू द्या मला.”

निम्मी रांग मोडली. निम्मी उभीच राहिली, कारण सुईपेक्षा राख सोपी असते. त्या उरलेल्यांसाठीच हे सांगायचं. लघवीतली साखर मुंगीला कळते, हे खरं. पण मुंगी फिरली म्हणून साखर जात नाही. घरातल्या म्हाताऱ्या पायांना रोज पाणी लावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, तळवा उजेडात धरून बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई थांबवू नका. आणि देणारा स्वतः चाखत नाही ते आपल्या माणसाला लावू नका.

सोजरबाईचं पाऊल राहिलं. घरी आल्यावर वैजयंती घमेल्यात पाणी घेऊन बसली. चार बोटं एकेक करून पुसली. पाचव्याच्या जागी तिचा हात अडला. सोजरबाईनं अधू डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग लुगडं सावरून दंड पुढे केला.

“मी वरडंन गं, मला सवय हाय. तू टोच.”