नुन्झियाच्या दारामागची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटली की तुम्हाला मंत्री आठवत असतील. मी तसली नव्हे. माझे पाय चेस्टनटच्या लाकडाचे, बैठक वळलेल्या लव्हाळ्याची आणि पाठ इतकी सरळ, की माझ्यावर बसून आजवर कुणाला डुलकी लागली नाही. एक पाय तारेने बांधलेला आहे. तो का, ते सांगतेच.

माझा जन्म इटलीच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत, कास्तेलवेंतो नावाच्या गावी झाला. तेव्हा खुर्च्या करणारा कारागीर गावोगाव फिरत असे. सेराफिनाचे लग्न ठरले तेव्हा त्याने तिच्याच अंगणात बसून आम्हा बहिणींना घडवले. बाकीच्या कुणी मोडल्या, कुणी एका कडक हिवाळ्यात चुलीत गेल्या. सेराफिनाचा माझ्यावर जीव होता, म्हणून मी वाचले.

आमच्याकडे ऊन कलले की बायका आपापली खुर्ची दाराबाहेर गल्लीत काढतात. हात शेंगा सोलत असतात आणि तोंडाने गावाची खबरबात चालते. गावातली एकही भानगड अशी नसेल, जी माझ्या कानावरून गेली नाही. सेराफिना माझ्यावर बसे आणि तिची मुलगी नुन्झिया उंबऱ्यावर. नुन्झियाने लग्न केले नव्हते. ती पाद्रीबाबांची अशी हुबेहूब नक्कल करायची, की खुद्द पाद्रीबाबा आमची गल्ली टाळून दुसऱ्या वाटेने जात. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

मग सेराफिना गेली. नुन्झिया मला रोज बाहेर काढतच राहिली. मला रिकामी ठेवायची, स्वतः उंबऱ्यावर बसायची आणि माझ्याशी बोलायची. मला ‘आई’ म्हणायची. लोकांना आधी वाईट वाटले. पुढे पोरे हसू लागली. मग ती झोपेनाशी झाली. भिंतीपलीकडून शेजारी आईला शिव्या देतात, असे तिला ऐकू येई, आणि ती भिंतीवर मुठी आपटी. ती आजारी होती, मित्रांनो. हे मी लपवणार नाही.

त्या वर्षी सान वितोची मिरवणूक आली. संताची मूर्ती खांद्यावर घेऊन गावभर फिरवतात. ती मागे वळवायची नसते, नाहीतर वर्ष वाईट जाते अशी समजूत. मूर्ती आमच्या गल्लीत शिरली आणि नुन्झियाने मला उचलून वाटेच्या मधोमध ठेवले. अगदी शांतपणे म्हणाली, आईचे दर्शन व्हायचे आहे, संतबाबांना जरा थांबवा. बँड बंद पडला. मूर्ती पुढून खांद्यावर घेतलेला तिचा सख्खा भाऊ रोक्कोच होता. ओझे टाकता येईना, तोंड लपवता येईना. शेवटी मूर्ती मागे वळवावी लागली. सगळ्या गावाने ते पाहिले.

रोक्को तिथून थेट दोनातोकडे गेला, बहिणीला दवाखान्यात हलव म्हणायला. दोनातो म्हणजे गावचा मेयर, आणि नुन्झियाचा शाळेतला सोबती. रोक्कोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर धरणारा तोच होता. आमच्याकडे असे दोघे एकमेकांना ‘कोंपारे’ म्हणतात. सख्ख्या भावाला एखादवेळ नाही म्हणाल, कोंपारेला नाही म्हणता येत नाही.

खरे तर आमचा कायदा वाईट नाही. पूर्वी अशा माणसांना कुलपाआड टाकीत आणि ती तिथेच आयुष्यभर सडत. म्हणून शहाण्या लोकांनी कायद्याला उंबरे घातले. उपचार तातडीचे असतील, दुसरा मार्ग नसेल आणि आजारी माणूस स्वतः नको म्हणत असेल, तरच त्याला बळाने न्यायचे. दोन डॉक्टरांनी तसे सांगायचे, मेयरने हुकूम काढायचा, न्यायाधीशाने तो तपासायचा.

आता आमच्याकडे काय झाले ते ऐका. एक डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून लांबूनच नुन्झियाला पाहून गेला. दुसऱ्याने पहिल्याच्या शब्दावर भागवले. न्यायाधीश दूरच्या शहरात होता, त्याने कागद पाहिला. आणि दोनातोने कोंपारेचे तोंड पाहून सही केली. बाई उपचाराला नकार देते, असे त्या हुकमात होते. पण तिला कुणी विचारलेच नव्हते. विचारले असते तर कदाचित ती रोक्कोचा हात धरून गेलीही असती.

सकाळी ते आले. गणवेशातले दोन शिपाई, रुग्णवाहिकेचे लोक आणि मागे दोनातो. नुन्झियाने मला दाराच्या मुठीखाली तिरपे अडकवले आणि माझ्या बैठकीवर दोन्ही हात दाबून उभी राहिली.

“नुन्झिया, दार उघड गं,” दोनातो बाहेरून म्हणाला. “तुझ्या भल्यासाठीच आलोय.”

“भलं करायला इतकी माणसं कशाला लागतात, दोनातो?”

मी माझ्या परीने जोर लावला. पण लाकडालाही हद्द असते. माझा पाय मोडला आणि दार उघडले. तिला अनवाणी नेले. सगळी गल्ली आपापल्या दारात उभी होती, पण एकही खुर्ची बाहेर नव्हती.

ती दवाखान्यातून परत आली तेव्हा तिने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. “नाक खाजत होतं गं आई, आणि हात बांधलेले. किती हाका मारल्या, कुणी आलं नाही.” मात्र भिंतीपलीकडचे आवाज थांबले होते आणि ती झोपू लागली होती. औषधाने गुण आला, हे खरेच. पण हात थरथरत आणि नक्कल तिने पुन्हा कधी केली नाही. रोक्को येऊन माझा पाय तारेने बांधून गेला. तेवढा वेळ त्याने मान वर केली नाही.

एके दिवशी दोनातो आला. माझ्यावर बसला आणि टोपी हातात फिरवत राहिला.

“चुकलो मी,” तो म्हणाला. “आता शब्द देतो. तुझ्यासमोर असा बसून तुला विचारल्याशिवाय पुन्हा सही करणार नाही.”

उठून तिने त्याला कॉफी करून दिली.

तिला नेले त्या सकाळनंतर मी गल्ली पाहिली नाही. नुन्झिया दार लावायची आणि मला मुठीखाली अडकवायची. माझे सारे आयुष्य माणसांना बसवण्यात गेले होते, आता माणसांना अडवणे एवढेच काम उरले. दवाखान्याचे नाव काढले तरी ती कानांवर हात ठेवायची. हळूहळू गोळ्या संपल्या आणि आवाज परतले. पुढच्या हिवाळ्यात तिने जेवण सोडले, कारण पावातून सुया टोचतात असे तिला वाटे. शेजारची विन्चेन्झा खिडकीत घेवड्याच्या सूपचा वाडगा ठेवी आणि संध्याकाळी तसाच उचलून नेई.

दवाखान्यात नवीन डॉक्टरबाई आल्या होत्या. त्या बर्फातून वर चढून येत आणि बंद दाराशी बसून बोलत. आधी नुन्झिया ‘जा’ म्हणायची, मग तेही म्हणेनाशी झाली. शेवटी बाईंनी दोनातोला दारापाशी बोलावले. रोक्कोही होता. मला आतून सगळे ऐकू येत होते.

“मला जबरदस्ती आवडत नाही, मेयरसाहेब,” बाई म्हणाल्या. “पण आता नाही नेलं तर ती मरेल. दुसऱ्या डॉक्टरांचंही तेच मत आहे.”

“मी तिला शब्द दिलाय.”

“कोंपारे, या वेळी खरंच गरज आहे रे,” रोक्को म्हणाला.

“तेव्हाही तू खरंच म्हणाला होतास.” दोनातो म्हणाला. “ती आत खुर्ची लावून बसलीय. पुन्हा तिचं दार मोडू? नाही व्हायचं माझ्याच्यानं. थोडं थांबू.”

मित्रांनो, मी दाराशी नव्हतेच. नुन्झियाने मला मुठीखालून काढून आपल्या पलंगासमोर ठेवले होते. भिंतीला धरत धरत, दोनदा खाली बसत. एप्रनने माझी धूळ पुसली होती. “दोनातो येईल,” मला म्हणाली होती. “बसून विचारीन म्हणालाय.” दाराला कडीसुद्धा लावलेली नव्हती. बाहेरचे बोलणे तिलाही ऐकू गेले. ती ‘ये’ म्हणाली. पण तिच्या अंगात इतकी थोडी शक्ती उरली होती, की ते फक्त मला ऐकू आले. मला तोंड असते तर मी गावभर ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी रोक्कोला राहवले नाही. त्याने दार मोडायला खांदा लावला आणि थेट आत कोसळला, कारण दार नुसते लोटलेले होते. नुन्झिया पलंगावर गार पडली होती, तोंड माझ्याकडे करून. दोनातो मागोमाग आला. त्याने तिला पाहिले, मग मला पाहिले. सही न करण्याचा शब्द त्याने पाळला होता, विचारण्याचा राहिला होता. तो माझ्यावर बसला नाही. तसाच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, आजारी माणसाला बळाने कधी न्यावे आणि कधी नेऊ नये, हे ठरवणे माझ्या अकलेबाहेरचे आहे. शहाण्यांनी ते ठरवावे. कधी न्यावे लागते, हे मी त्या हिवाळ्यात पाहिले. पण तुमच्याही घरात एखादी खुर्ची असेल. तुमचे कुणी असे दार लावून बसले, तर आधी ती खुर्ची त्याच्यासमोर ओढा. तिच्यावर बसा, विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. नुन्झिया ‘हो’ म्हणाली असती की ‘नाही’, ते आता मला कधीच कळणार नाही. मी अजून तिथेच आहे, रिकाम्या पलंगाकडे तोंड करून. तेव्हापासून माझ्यावर कुणी बसलेले नाही.