विचारलं ह्यांना, उत्तर मी दिलं

त्या डॉक्टरणीला मोठ्यांशी कसं वागावं हे कुणी शिकवलेलं दिसत नाही. माझ्या नातीच्या वयाची पोर, आणि मला म्हणते, "आजी, जरा बाहेर बसा."

मला! पंचेचाळीस वर्षं घर मी हाकलं. आमच्या ह्यांनी दगड घडवले, तोंड उघडलं नाही. काम कधी होईल, असं गिऱ्हाईकानं विचारलं तरी ह्यांचं बोट माझ्याकडे. दगडाची भुकटी छातीत बसली, आणि आता श्वास पुरेना, म्हणून दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीण खाटेशी वाकली. "बाबा, त्रास वाढला तर घशात नळी घालून मशीन लावायचं का? एकदा लावलं की पुन्हा निघेलच असं नाही."

"लावा," मी म्हणाले.

"आजी, मी बाबांना विचारलं."

"त्यांना काय विचारतेस? त्यांना चहात साखर किती लागते तेही मीच सांगते!"

हे ऑक्सिजनच्या मास्कच्या आत हसले. मी मात्र दाराबाहेर.

मी काय गप्प बसते! मशीनच्या संमतीचा कागद मागवला, लिहायला येतं तेवढी वाकडीतिकडी सही ठोकली आणि तिच्यापुढे धरला. तिनं तो मला परत दिला. "बाबा शुद्धीत आहेत. त्यांच्या जिवाचा निर्णय तुमच्या सहीनं होत नाही."

तीन दिवस तेच. सकाळ झाली की मी बाहेर, आत तोच प्रश्न. का, तर म्हणे माणसाचं मन बदलू शकतं. चौथ्या दिवशी मला आत बोलावलं. "आज तुम्ही विचारा. उत्तर मात्र देऊ नका."

जन्मात ह्यांना काही विचारलं नव्हतं. "मशीन... लावायचं का हो?"

ह्यांनी मास्क बाजूला केला. "नको. घरी जाऊ." दम घेतला. "ह्या डॉक्टरणीला म्हटलं, सुई टोचून मोकळं कर एकदाचं. तर नाही म्हणते."

"ते मी करणार नाही, बाबा," डॉक्टरीण म्हणाली. "मशीन नाकारणं तुमचा हक्क. जीव घेणं माझं काम नाही. पण गुदमरू देणार नाही. औषध देईन, घरी येऊन बघेन."

"ऐकलंस?" हे मला म्हणाले. "आता हुज्जत घालू नकोस."

मी ताठ उभी राहिले. उभ्या जन्मात माझा शब्द ह्यांनी खाली पडू दिला नाही. आज पाडला, आवाजही न चढवता. असा नवरा आहे माझा!

थोरला मुलगा फोनवर ओरडत होता, "आई, तू सांग ना त्यांना!"

"तुझ्या बापानं सांगितलंय," म्हटलं आणि फोन ठेवला. मग डॉक्टरणीकडे वळले.

"तू मला नाही म्हणालीस, ह्यांनाही नाही म्हणालीस. दोन्ही वेळा तुझंच बरोबर होतं. डॉक्टर शोभतेस, पोरी."