पेटीला हुंकार

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, मुरुमच्या चावडीतला. एवढंच मला खात्रीनं सांगता येतं. बाकी सगळ्यात माझा गोंधळ आहे. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाल्यावर सरकारनं मला एसटीच्या टपावरून इथं पाठवलं. लोक म्हणायचे, याच्या पोटात माणसं राहतात. त्यांचं ऐकून मीही बरेच दिवस त्या माणसांची वाट पाहिली.

माझ्या पेटीची किल्ली चावडी राखणाऱ्या गुंडाप्पाकडं असायची. रोज तो मला आपल्या पटक्यानं पुसायचा, आणि मी खरखरलो की एक चापट ठेवून द्यायचा. माया कुठली नि राग कुठला, मला कधी उमगलं नाही.

चावडीसमोर सकिनाबीचं बांगड्यांचं दुकान होतं. तिचा एकुलता एक हैदर म्हणजे अस्सल नकल्या. उरुसात कुस्त्या पुकारता पुकारता तलाठ्याचं चालणं असं करून दाखवायचा, की खुद्द तलाठी हसायचा. आपल्याकडं गोष्ट सांगणारा मध्येच थांबतो आणि ऐकणारा 'हं' म्हणून हुंकार देतो. त्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही. हैदर तर ऐन रंगात थांबायचा. हुंकार आला, की पुढच्या शब्दाला हशा पिकायचा.

एका नभोवाणी केंद्रानं त्याला गुरुवारी संध्याकाळी नकला करायला बोलावलं. जमलं तर निवेदकाचं कायमचं काम मिळणार होतं. लेक कायमचा लांब जाणार, या विचारानं सकिनाबी धास्तावली. "म्या ऐकते. चांगलं वाटलं तर ऱ्हा तिथं, न्हायतर माघारी येऊन दुकानात बस," तिनं बजावलं.

त्या गुरुवारी चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. हैदरचा आवाज माझ्यातून निघाला आणि माझंच डोकं फिरलं. परवापर्यंत समोर उभा असलेला हा पोरगा माझ्या आत शिरला कधी? त्यानं वरातीची नक्कल सुरू केली. "नवरदेव घोड्यावर बसला, अन् घोडा..." एवढं म्हणून तो थांबला.

चावडी चिडीचूप. मीही चूप.

"बंद पडला की वो!" गर्दीतून हरणाबाई ओरडली. गुंडाप्पानं मला दोन चापट्या हाणल्या, कान पिळला आणि शेवटी बॅटरीच्या तारा उपटल्या. परत जोडल्या तेव्हा बाजारभाव चालू होते. यात माझा काय दोष होता, ते मला आजही कळत नाही. 'पोरगं अडखळलं' असं पुटपुटत सकिनाबी खाली मान घालून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी तिनं 'माघारी ये' असं पत्र लिहवून धाडलं.

हैदर आला तो चक्रावलेलाच. "अम्मा, म्या तर हुंकारासाठी थांबलो हुतो. तिथं काचंमागं एकच साहेब, त्यो बी हासंना. मग तसंच पुढं रेटलं."

"पेटीला हुंकार द्यायचा व्हय रे?"

"पेटीला न्हाय, अम्मा. मला."

सकिनाबी हातातली बांगडी पुसत राहिली. हैदर हळूच म्हणाला, "या गुरुवारी आनखी एक डाव बोलावलंय. तेवढं ऐका. मग तुमी म्हनाल तसं."

गुरुवार आला. तीच वरात, तोच नवरदेव. "अन् घोडा..." हैदर थांबला. गुंडाप्पानं हात उगारला.

"हात लावू नगंस!" सकिनाबी ताडकन उठली. माझ्या जाळीला तोंड लावून ती हलक्या आवाजात म्हणाली, "हं. मग, बेटा?"

"घोडा म्हनला, माझं लगीन कवा?"

चावडी हसून लोटपोट झाली. सकिनाबी हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. "ऱ्हा म्हनावं तिथंच," तिनं मला सांगितलं. हा निरोप उलटा कसा पोचवायचा, मला कळेना. पण पोचला असावा, कारण हैदर पुन्हा दुकानात बसला नाही.

वर्षानुवर्षं तो माझ्यातून बोलला. पुढं म्हणे चित्रं दिसणाऱ्या नव्या पेटीत गेला. मी आता पंचायतीच्या अडगळीत आहे. चापट द्यायलाही कुणी नाही.

मित्रांनो, कुणी बोलता बोलता थांबलं तर लगेच तारा उपटू नका. आधी हुंकार देऊन बघा. मलाही कधी द्या. मी बोलेन की नाही, मला ठाऊक नाही. सकिनाबी मात्र मी बंद पडल्यावरही, शेवटपर्यंत, येता-जाता दारातून 'हं' म्हणत होती.