इंजिन बंद, जागा शोधा

चेस्वावने विमान उडवायचा परवाना शिकागोत काढला होता, आयुष्यभर लोकांची छपरं शाकारून. पण तो युरोपात चालेना. त्यामुळे म्हातारपणी पोलंडला परतल्यावर पुन्हा डॉक्टरची तपासणी, पुन्हा इथल्या हवाई नियमांची परीक्षा, आणि आज शेवटची उड्डाणाची चाचणी. हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर बापाच्या कुरणात आपल्या हातांनी विमान उतरवायचं म्हणून. तोवर गावात पाऊल टाकायचं नाही, असा त्याचा हट्ट होता. कुरण बापाने धाकट्या बेनेकच्या नावावर केलं होतं. चेस्वाव उतरला होता तो त्याच्याच शहरातल्या घरी, आणि बेनेकनेही हे खूळ उचलून धरलं. "येशील तर वरूनच ये, चेशेक," असं तो रोज म्हणायचा.

परीक्षक सोबेराय बाई शेजारी बसल्या होत्या. गावाजवळची नदी ओलांडताच त्यांनी हात घालून इंजिनाचा जोर काढला.

"इंजिन गेलं. कुठे उतरताय?"

चेस्वाव खूश झाला. या मुलखात शेतं म्हणजे नुसत्या चिंचोळ्या पट्ट्या. ऐसपैस जागा एकच.

"चर्चमागच्या कुरणात!"

त्याने विमान वळवलं. चर्च आलं. मागे लाल छपरांच्या रांगा होत्या.

"लोकांच्या स्वयंपाकघरात उतरायचा विचार आहे का?" बाई म्हणाल्या.

कुरण कुठेच नव्हतं. हात मात्र सरावाचे होते. त्याने पलीकडचं कापणी झालेलं शेत धरलं आणि बाईंनी त्याला पास केलं.

विमानतळावर परतले तेव्हा खाली बेनेक फुलं घेऊन उभा होता. भावाचा चेहरा बघून तो काय ते समजला.

"कधी विकलंस?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि दर नाताळात फोनवर सांगायचास, गवत कमरेला लागतंय म्हणून? लाज नाही वाटली, हरामखोरा?"

"तू दुसरं विचारायचास काय रे? आई कशी गेली, विचारलंस? माझी बायको गेली तेव्हा 'अरेरे' म्हणालास, आणि लगेच कुरण! विकलं म्हणून सांगितलं असतं, तर पुढच्या नाताळात तुझा फोन आला असता?"

आला असता, असं चेस्वावला ठासून सांगायचं होतं. आधी भावजयीचं नाव घ्यावं, चार शब्द बोलावेत, मग ते सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण तिचं नाव काही केल्या त्याला आठवेना.